बर्गंडीच्या आडरस्त्यांवर ग्रुप राइड : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र, सगळी आखणी

फ्रान्समध्ये शनिवार-रविवारची मोटरसायकल राइड ठरली की पहिली चर्चा होते ती कुठला रस्ता घ्यायचा याची. रस्ते तिथे चांगलेच आहेत, त्यावर फारसं काही अडत नाही. राइड बिघडते ती दुपारी अडीचला सहाजण जेवायला पोचतात आणि स्वयंपाकघर बंद झालेलं असतं म्हणून, रविवारी गावातला पंप बंद असतो म्हणून, आणि सगळ्यांत जोरात चालवणाऱ्याच्या मागे बाकीचे ओढले जातात म्हणून. त्यामुळे आखणीचा क्रम असा ठेवा : आधी माणसं, मग घड्याळ, मग पेट्रोल, आणि नकाशा सगळ्यांत शेवटी.

इथे घेतलेला मार्ग पॅरिसच्या दक्षिणेला बर्गंडीतून मोर्वां या डोंगराळ, जंगलाच्या भागात जातो. पॅरिसहून ए ६ महामार्गाने ओसेर साधारण १७० किलोमीटर. हा टप्पा शुक्रवारी संध्याकाळीच उरकून ओसेरला मुक्काम करा. शनिवारी सकाळी पॅरिसहून निघायचं ठरवलं तर पहिले दोन-अडीच तास महामार्गावरच जातात आणि चांगल्या रस्त्यांवर पोचेपर्यंत जेवणाची वेळ होते. महामार्गाला टोल आहे. मोटरसायकलचा वर्ग ५, त्याचा दर मोटारीपेक्षा कमी असतो.

कधी जायचं

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर हे उत्तम. मेमध्ये सुट्ट्या जोडून आल्या की (१ मे, ८ मे, असेन्शनचा गुरुवार, पेन्टेकॉस्टचा सोमवार) अर्धं पॅरिस बाहेर पडतं. सरकारची 'बिझों फ्युते' ही वाहतूक सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, केशरी, लाल किंवा काळा रंग देते. जाण्याच्या किंवा परतण्याच्या दिवशी लाल-काळा असेल तर तारीख बदला. उन्हाळ्यात आडरस्त्यांवर डांबर शिंपडून बारीक खडी टाकतात, त्याबद्दल पुढे. ऑक्टोबरपासून जंगलात ओला पाला पडतो आणि शिकारीचा हंगाम सुरू असतो. रविवारी हाकाऱ्यामुळे रानडुक्कर, हरीण एकदम रस्त्यावर येतं. 'शास आँ कूर' (शिकार सुरू आहे) अशी पाटी दिसली तर वेग लगेच उतरवा.

रविवार मात्र एका बाबतीत फार सुखाचा. साडेसात टनांवरच्या मालट्रकना शनिवारी रात्री १० ते रविवारी रात्री १० बंदी असते, थोडे अपवाद सोडले तर रस्ते मोकळे मिळतात.

माणसं किती आणि कोण

पाच ते सात गाड्या. आठच्या वर गेलात तर दोन ग्रुप करा, प्रत्येकाचा लीडर वेगळा, निघताना पंधरा मिनिटांचं अंतर. कारण साधं आहे : प्रत्येक थांब्याला सहा गाड्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात, दहांना पाऊण तास. दिवसात पाच थांबे धरले तर दोन तास नुसते हातमोजे काढण्या-घालण्यात जातात.

तारीख नक्की करण्याआधी प्रत्येकाकडून चार उत्तरं घ्या : टाकी किती लिटरची, एका दिवसात आतापर्यंत जास्तीत जास्त किती किलोमीटर केले, मागे कोणी बसणार आहे का, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने याआधी चालवली आहे का. पुणे-मुंबईहून येऊन गाडी भाड्याने घेणारे आणि पॅरिसला राहणारे असा मिश्र ग्रुप असेल तर चौथ्या उत्तरावर सगळी रांग ठरते. दिवसाचं अंतर सर्वांत कमी अनुभवाच्या माणसाला झेपेल तेवढं, आणि पेट्रोलचे थांबे सर्वांत लहान टाकीला पुरतील तसे.

आडरस्त्यांवर, गावं आणि वळणं धरून, सरासरी ताशी ५० किलोमीटर पडते. ५५ धरू नका. म्हणजे दिवसाला १६० ते १८० किलोमीटर आडरस्ता भरपूर झाला.

कागद, कायदा आणि अंगावरच्या वस्तू

भारतीय लायसन्सवर पर्यटक म्हणून चालवायचं तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो आरटीओकडून मिळतो : फॉर्म ४-ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद असल्याची खात्री करा, नुसत्या मोटारीच्या लायसन्सवर चालणार नाही. फ्रान्समध्ये राहायला गेलेल्यांना परदेशी लायसन्सवर साधारण एकच वर्ष चालवता येतं. भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्डावर मोठी अनामत अडकवली जाते, हजार-दोन हजार युरो किंवा त्याहून जास्त. मर्यादा आधीच वाढवून घ्या. प्रवास विमा काढताना मोटरसायकल चालवणं त्यात धरलंय का, आणि किती सीसीपर्यंत, हे पॉलिसीत वाचून पाहा. अनेक स्वस्त पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

हेल्मेट युरोपीय मान्यतेचं (ईसीई २२.०५ किंवा २२.०६) हवं, भारतातून नेलेल्या हेल्मेटवर फक्त आयएसआय छाप असेल तर ते चालत नाही. सीई (युरोपीय सुरक्षा मान्यतेच्या) छापाचे हातमोजे नोव्हेंबर २०१६ पासून चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला दोघांनाही सक्तीचे आहेत, नसले तर ६८ युरो दंड. चकाकणारं पिवळं जाकीट सोबत असावंच लागतं आणि गाडी बंद पडून रस्त्याकडेला थांबलात की अंगावर घालावं लागतं. ते डिकीच्या तळाशी नको, जॅकेटच्या खिशात ठेवा. कानात इयरफोन घालून चालवायला बंदी आहे, हेल्मेटमध्ये बसवलेला इंटरकॉम चालतो.

वेग : गावाच्या नावाची पाटी लागली की ५०, त्याच नावावर तिरपी लाल रेघ दिसली की गाव संपलं. मध्ये दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यावर जुलै २०१८ पासून ८०. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा ९० केलेत, पण तशी पाटी दिसली नाही तर ८० च धरा. महामार्गावर १३०, पावसात ११०. दारूची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, नवीन लायसन्सवाल्यांना ०.२. शाब्लीच्या द्राक्षमळ्यांतून जाताना हे आधीच बोलून घ्या : वाइनची चव घ्यायची ती शनिवारी मुक्कामावर गाड्या लावून झाल्यावर, दिवसा नाही.

शनिवार : ओसेर ते लाक दे सेतों (सेतों तलाव), सुमारे १७० किलोमीटर

साडेआठला ओसेरमधून निघा, टाक्या भरून. डी ९६५ ने ('डी' म्हणजे जिल्हा रस्ता) शाब्ली वीसेक मिनिटांत येतं. तिथून सरॅं नदीच्या काठाकाठाने नोयेरला जा. रस्ता सौम्य आहे, लांब वळणं, दोन्हीकडे मळे आणि मग कुरणं. भाड्याची गाडी आणि उजवी बाजू अंगवळणी पडायला हा पहिला तास अगदी योग्य, म्हणून लीडरने इथे ७० च्या वर जाऊच नये. नोयेरला वेशीच्या कमानीबाहेर गाड्या लावून कॉफी. आत लाकडी चौकटींची जुनी घरं आहेत आणि गल्ल्यांत ओबडधोबड फरसबंदी. स्टँडखाली चपटी चकती ठेवल्याशिवाय गाडी लावू नका.

तिथून लील-सुर-सरॅं आणि मोंरेआलवरून आव्हालों. इथे टाक्या पुन्हा भरायच्या, अर्धी असली तरी. मग शहराखालच्या कुझॅं नदीच्या खोऱ्यातून डी ४२७ : अरुंद, झाडांच्या सावलीत कायम ओलसर, एका वेळी एकच गाडी असं चालवा. पुढे डी ९५७ ने वेझले.

जेवणाचं टेबल सव्वाबाराचं हवं, आठवडाभर आधी फोन करून. फ्रान्सच्या खेड्यात दुपारचं जेवण १२ ते २, आणि दीडनंतर सहाजणांना कोणी बसवून घेईलच असं नाही. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजितारियें' म्हणून भागत नाही, त्यात मासे चालतात असं बरेच जण धरतात. 'सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों' असं फोनवरच सांगा : मांस नको, मासे नकोत, डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. हे शेवटचं विसरलात तर हिरव्या सॅलडमध्ये, किशमध्ये (अंडं-क्रीम भरून भाजलेला खारा पाय), अंड्याच्या रश्श्यातही ते निघतात. बेत फसला तरी उपाशी राहू नये म्हणून सकाळीच बेकरीतून प्रत्येकी एक 'बागेत' (लांब फ्रेंच पाव) आणि चीज घेऊन ठेवा.

वेझलेला टेकडीच्या पायथ्याच्या पार्किंगमध्ये गाड्या ठेवा आणि चढून जा. वरचं सेंट मेरी मॅग्डालेनचं चर्च आणि टेकडी १९७९ पासून जागतिक वारशात आहे. इथेच ११४६ मध्ये संत बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली. रायडिंगचे जाड बूट घालून दगडी चढण चढायची असल्याने दीड तास धरा.

साडेतीनला निघून सँ-पेर, मग डी ९४४ गाठून लोर्म, तिथून मोंसोश-ले-सेतों. लोर्मनंतर वळणं घट्ट होतात आणि जंगल सुरू होतं. मोर्वांमध्ये डग्लस फरची मोठी लागवड आहे. लाकूडतोडीच्या फाट्यांपाशी डांबरावर चिखल आणि सालींचे तुकडे पडलेले असतात, आठवड्याभराच्या ट्रॅक्टर-ट्रकनी आणलेले. रस्त्याकडेला ओंडक्यांची थप्पी दिसली की पुढच्या वळणावर घसरडं असेल असंच समजा.

सेतोंचं धरण एकोणिसाव्या शतकातलं. मोर्वांची जळाऊ लाकडं योन नदीतून पॅरिसकडे वाहवत न्यायला पुरेसं पाणी मिळावं म्हणून ते बांधलं होतं. मुक्काम इथे किंवा शातो-शिनोंमध्ये. बुकिंग करताना तीन प्रश्न : गाड्यांसाठी कुलपाचं गॅरेज आहे का, रात्रीचं जेवण तिथेच मिळेल का आणि ते आधी सांगावं लागतं का, आणि उशिरात उशिरा किती वाजता पोचलं तर चालेल. घरगुती मुक्कामांत यजमान सातनंतर वाट पाहत बसत नाहीत.

रविवार : डोंगर, ओतँ, आणि परत

नऊला निघा. शातो-शिनों (इथे फ्रान्स्वा मितेराँ १९५९ पासून राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत महापौर होते), मग डी ९७८ ने आरलफ, तिथून उजवीकडे ओ-फोलॅंच्या जंगलात. ९०१ मीटर उंचीचा हा मोर्वांचा सर्वांत उंच भाग. जूनमध्येही सकाळी इथे धुकं आणि खालच्यापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान असतं, रेनकोटच्या आतला गरम थर आधीच घालून निघा. उतरून सँ-प्री, आणि मों बेव्रे डोंगराच्या कुशीत बिब्राक्त : प्राचीन फ्रान्समधल्या गॉल लोकांपैकी एदुई टोळीची राजधानी, जिथे इसवीसनपूर्व ५२ मध्ये व्हर्सिंजेतोरिक्सला सगळ्या गॉलांचा सेनापती केलं. संग्रहालयाला तास पुरे.

ओतँला सव्वाबारापर्यंत जेवणाला पोचा, टेबल अर्थातच राखलेलं. रोमन रंगमंच आणि वेशी गाडीवरूनच पाहून होतात. टाक्या भरून डी ९८० ने सोलियो (४० किलोमीटर) आणि सेम्यूर-आँ-ओक्स्वा. हा रस्ता रुंद, उघडा, वेग आपोआप वाढवणारा आहे आणि दुपारी पोट भरलेलं असतं. सोलियोला पाय मोकळे करायला थांबाच. सेम्यूरहून ए ६ जवळ आहे, पॅरिस तिथून साधारण २३० किलोमीटर. तीन-साडेतीनला महामार्गाला लागलात तर संध्याकाळच्या कोंडीच्या पुढे राहाल.

पेट्रोलचा हिशेब

आव्हालोंला भरल्यावर वेझले, लोर्म, सेतों, शातो-शिनों, बिब्राक्त करत ओतँपर्यंत साधारण १६० ते १७० किलोमीटर होतात. १० लिटरची टाकी आणि १०० किलोमीटरला साडेचार लिटर धरले तर पल्ला २२० येतो, पण मागे माणूस आणि चढ असतील तर १८० च धरा. अशी गाडी ग्रुपमध्ये असेल तर शातो-शिनोंला सगळ्यांनीच भरा. एकेकट्याने वेगवेगळ्या ठिकाणी भरायला सुरुवात केली की दिवस संपतो.

रविवारी चालतात ते सुपरमार्केटचे स्वयंचलित पंप. कार्ड घातल्यावर आधी १०० ते १५० युरो तात्पुरते अडकवले जातात, मग खरी रक्कम कापली जाते. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर पंप सुरूच होत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. नळीवर ई५ किंवा ई१० बघा (एसपी ९८, एसपी ९५-ई१०). ई८५ सर्वांत स्वस्त दिसतं, पण ते ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं इंधन आहे, नेहमीच्या मोटरसायकलमध्ये घालू नका. 'गाझोल' म्हणजे डिझेल.

रांग कशी चालवायची

लीडर पुढे, शेवटचा माणूस मागे, दोघंही अनुभवी, आणि दिवसभर बदलायचे नाहीत. सर्वांत नवखा लीडरच्या लगेच मागे. नवख्याला शेवटी टाकलं तर पुढच्या प्रत्येकाच्या थोड्या थोड्या वेगवाढीची बेरीज त्याला एकट्याला भरून काढावी लागते, आणि पडतो तोच.

सरळ रस्त्यावर एक आड एक अशी तिरपी रांग, लगेच पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद. वळणं सुरू झाली की तिरपी रांग मोडून एकेरी, अंतर तीन-चार सेकंद, प्रत्येकाने आपली रेषा घ्यायची. लीडरने डावा हात वर करून एक बोट दाखवलं की एकेरी, दोन बोटं दाखवली की तिरपी. पुढच्याने ओव्हरटेक केलं म्हणून मागच्याने करायचं नाही, समोरचा रस्ता ज्याचा त्याने स्वतः बघायचा.

फाट्यांवर ग्रुप तुटू नये यासाठी मार्कर पद्धत वापरा :

१. वळायचं आलं की लीडर लगेच मागच्या गाडीला हाताने जागा दाखवतो.
२. ती गाडी, म्हणजे मार्कर, फाट्यावर, वळणाच्या पोटात नव्हे, तर दोन्हीकडून दिसेल अशा सुरक्षित जागी थांबते आणि दिशा दाखवते.
३. बाकी सगळे न थांबता पुढे जातात.
४. शेवटचा माणूस दिसला की मार्कर त्याच्या पुढे रांगेत शिरतो.

ही पद्धत मोडते ती एकाच कारणाने : मार्करला वाटतं सगळे गेले, आणि तो निघतो. म्हणून पिवळं जाकीट चालवताना फक्त शेवटच्या माणसाने घालायचं. पिवळं दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, मग वीस मिनिटं लागोत. या पद्धतीत कुणाला पुढच्याला गाठायची घाई राहत नाही, हा तिचा सगळ्यांत मोठा फायदा.

उजवी बाजू, वळणं आणि खडी

भारतातून आलेल्यांची चूक भर गर्दीत होत नाही, तिथे बाकीच्या गाड्या वाट दाखवतात. ती होते रिकाम्या रस्त्यावर, थांब्यावरून पुन्हा निघताना. म्हणून प्रत्येक थांब्यावरून लीडरने आधी निघायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे लागायचं, कोणी एकट्याने आधी पुढे जायचं नाही. टाकीवर उजवीकडे वळलेल्या बाणाचा स्टिकर लावणं उपयोगी पडतं.

वळणांची भूमितीही उलटते. फ्रान्समध्ये डावं वळण समोरून येणाऱ्याच्या बाजूला झुकवतं : चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी झुकल्यावर डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातो. डाव्या वळणात चाकं लेनच्या उजव्या तिसऱ्या भागात ठेवा, वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत येऊ नका. उजव्या वळणात आतली कड तुमच्याकडे असते, आणि मोटारींची चाकं कड कापून मुरूम नेमका तिथेच ओढून आणतात.

गोल चौकात उलट्या घड्याळाने फिरायचं आणि आतल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाड्यांना वाट द्यायची. पण गावात चौकाला कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो लहानशा गल्लीतून आला तरी. गावकरी या हक्काने न बघता बाहेर पडतात. पन्नासच्या पाटीखाली चाळीसने चला.

'ग्राव्हियों' ही पाटी दिसली म्हणजे ताजी सुटी खडी. हे रस्ते गाड्या चालून चालूनच दबतात, त्यामुळे चाकोऱ्या साफ आणि मध्ये, कडेला, वळणांवर ढीग असतात. पाटी दिसताच सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, अंतर दुप्पट करा म्हणजे पुढच्याच्या चाकातले खडे हेल्मेटवर येणार नाहीत, मोटारीची साफ चाकोरी धरा, आणि खडीवर असताना पुढचा ब्रेक झुकलेल्या गाडीवर लावू नका. लीडरने डावा पाय बाहेर काढून दाखवलं की मागच्या प्रत्येकाने तेच करून पुढे पोचवायचं. भेगा भरलेल्या डांबराच्या काळ्या पट्ट्या उन्हात मऊ आणि पावसात निसरड्या होतात, त्यांवर झुकलेलं राहू नका.

समोरून येणारा मोटरसायकलस्वार डाव्या हाताची दोन बोटं खाली करून रामराम करतो, त्याला उत्तर द्या, पण वळणात हात सोडू नका. मोटारीने बाजू दिली तर उजवा पाय बाहेर काढून आभार मानतात.

गाडी आणि सामान

हवा गार टायरवर भरायची. फ्रेंच पंपावर आकडे बारमध्ये असतात : ३६ पीएसआय म्हणजे साधारण २.५ बार, ४२ म्हणजे २.९. तुमच्या गाडीचा खरा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर आहे, मागे माणूस असेल तेव्हाचा वेगळा. ब्रेक पॅड, चेनची ढील आणि टायरची नक्षी निघण्याच्या आठवडाभर आधी बघा, आदल्या रात्री बघून उपयोग नाही, कारण खेड्यातली वर्कशॉप्स रविवारी आणि बहुतेक सोमवारीही बंद. चेनला तेल शनिवारी संध्याकाळी पोचल्यावर, चेन गरम असताना.

ग्रुपमध्ये मिळून एक पंक्चर किट (प्लग, लहान कॉम्प्रेसर), गाडीतली हत्यारं, केबल टाय, टेप, जंप केबल आणि प्रथमोपचार पेटी. ट्यूबचे टायर असलेल्या, म्हणजे बहुतेक तारांच्या चाकांच्या, गाडीला प्लग चालत नाही, तिच्यासाठी त्याच मापाची ट्यूब आणि टायर काढायचे लीव्हर सोबत हवेत. मोर्वांच्या दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते. नकाशा आधीच डाउनलोड करा, आणि लीडरकडे मिशेलँचा कागदी नकाशा असू द्या. त्यावर ज्या रस्त्याला हिरवी कड आहे तो निसर्गरम्य, डोळे मिटून निवडा.

काही घडलंच तर

पहिली गोष्ट : मागून येणाऱ्यांना थांबवणं. शेवटचा माणूस पिवळ्या जाकिटात वळणाच्या अलीकडे उभा राहतो, दुसरा ११२ ला फोन करतो (तिथे १५ वैद्यकीय, १८ अग्निशमन, १७ पोलीस), रस्त्याचा डी क्रमांक, दोन गावांची नावं आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश सांगतो. पडलेल्याचं हेल्मेट काढायचं नाही, श्वास अडकत असेल तरच. महामार्गावर गाडी बंद पडली तर ओळखीचा मेकॅनिक बोलावता येत नाही, कडेच्या केशरी फोनवरून किंवा ११२ वर कळवा, मान्यताप्राप्त गाडीच येते, आणि तोवर सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं.

दुसऱ्या वाहनाशी धडक झाली आणि कुणाला इजा नसेल तर 'कोंस्ता आमियाब्ल' हा दुपानी अर्ज दोघांनी जागेवरच भरायचा. त्याचे रकाने युरोपभर सारखेच क्रमांकाने असतात, म्हणून इंग्रजी प्रत शेजारी ठेवून फ्रेंच प्रत भरता येते. मधल्या रकान्यांत कोण वळत होतं, कोण थांबलं होतं याच्या खुणा असतात, जबाबदारी त्यांवरूनच ठरते. कळत नसलेल्या रकान्यात खूण करू नका, मान्य नसेल ते शेरा-रकान्यात लिहा, आणि सही झाल्यावर दोघांनी एकेक प्रत घ्यायची. विमा कंपनीला ती पाच कामकाजाच्या दिवसांत पोचवावी लागते. भाड्याच्या गाडीसाठी कंपनीला त्याच दिवशी फोन, फोटोंसह.